कंसाआधीचे वजाचिन्ह आणि आमच्या मुलांचा हिशेब

"गणित आपल्या लेकरांच्या डोक्यात शिरत नाही" हे वाक्य आमच्या वस्त्यांमध्ये इतक्यांदा बोलले जाते, की आता मुलेच ते स्वतःबद्दल बोलू लागली आहेत. आईबाप बोलतात, शेजारी बोलतात, कधी कधी शिकवणारेही बोलतात. आमचे म्हणणे आहे की हे वाक्य साफ खोटे आहे. ते खोटे कसे, हे भाषण करून सांगण्यापेक्षा एक गणित सोडवून सांगता येते.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूर परिसरात आम्ही सातवी ते दहावीच्या मुलांसोबत संध्याकाळी अभ्यासाला बसतो. सातवीत 'बैजिक राशी' येतात, नववीत 'बहुपदी' येते, आणि दोन्हीकडे मुले एकाच ठिकाणी अडतात. बेरीज जमते. वजाबाकी आली की गाडी रुतते. हे गणित पाहा:

(५क्ष² + ३क्ष − ७) − (२क्ष² − ४क्ष + ६)

बहुतेक मुले उत्तर काढतात: ३क्ष² − क्ष − १

बरोबर उत्तर आहे: ३क्ष² + ७क्ष − १३

आता चुकलेल्या उत्तराकडे नीट पाहा. मुलाने क्ष² मधून क्ष² च वजा केला आहे, क्ष शी क्ष लावला आहे, नुसत्या संख्येशी नुसती संख्या लावली आहे. पाचातून दोन गेले तीन, हेही बरोबर आहे. म्हणजे या प्रकरणातली अवघड वाटणारी गोष्ट, सारखी पदे ओळखून एकत्र करणे, त्याला येते. चुकले आहे ते एकच. कंसाआधीचे वजाचिन्ह त्याने कंसातल्या पहिल्या पदाला लावले आणि मागची दोन पदे, −४क्ष आणि +६, होती तशी उतरवून घेतली. शेजारी बसलेली दुसरी मुलगी हीच चूक करते. तिसराही हीच करतो. ज्यांना काहीच कळत नाही त्यांच्या चुका दहा दिशांना जातात. दहा मुलांची एकच चूक होते, तेव्हा शिकवताना कुठली तरी एक पायरी गळालेली असते. दोष पायरी गाळणाऱ्या व्यवस्थेचा, आणि शिक्का मात्र मुलाच्या डोक्यावर!

ती पायरी कोणती? पुस्तकात नियम असतो: कंसाच्या आधी ऋण चिन्ह असेल, तर कंस सोडवताना आतल्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते. मुले तो पाठ करतात आणि चार दिवसांत विसरतात, कारण तो 'का' आहे हे त्यांना कळलेले नसते. खरे तर कारण शब्दातच आहे. ऋण म्हणजे कर्ज. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, ते जवळची रक्कम आणि देणे याच अर्थाने. आज आमची मुले दिवसातून वीस वेळा 'ऋण चार' म्हणतात, पण ऋण म्हणजे देणे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. एकदा हे सांगितले की पुढचे तीच सांगतात. माझ्या नावावर चार रुपये देणे होते, ते देणेच वजा झाले, तर मी चार रुपयांनी वर आलो. म्हणून −(−४क्ष) म्हणजे +४क्ष. आणि सहा रुपये जमा होते, तेही वजा झाले, तर सहा रुपयांनी खाली आलो. म्हणून −(+६) म्हणजे −६. कंस म्हणजे एक गाठोडे. गाठोडे वजा करायचे म्हटल्यावर आतली एकच वस्तू काढून भागत नाही. आतली सगळी रक्कम जाते आणि आतले सगळे देणेही जाते.

दुसरी पायरी सरूप पदांची. ज्या पदांत चल तेच आणि चलाचा घातांकही तोच, ती सरूप पदे. बाकीची विरूप. ५क्ष² आणि २क्ष² सरूप आहेत, ५क्ष² आणि ५क्ष विरूप आहेत. दोन्हीकडे पाच दिसले म्हणून मुले फसतात. त्यांना जमिनीचे माप द्यावे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. फूट हे लांबीचे माप, गुंठा हे क्षेत्राचे. दहा गुंठ्यांतून दहा फूट गेले, राहिले शून्य, असे कुणी म्हणाला तर तलाठी हसेल. क्ष² आणि क्ष यांचे नाते तसेच आहे. ते एका ओळीत शेजारी राहतील, पण एकमेकांतून वजा होणार नाहीत. शेतमजुराच्या घरातल्या मुलाला हे समजायला पाच मिनिटे लागतात.

इथे एका शब्दाबद्दल बोलले पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकात 'सरूप' आणि 'विरूप' हे शब्द आहेत. हिंदी पुस्तकांत याच पदांना 'सजातीय' आणि 'विजातीय' म्हणण्याची रीत आहे. हे ऐकले की आपल्यातला कुणीही चमकेल, आणि चमकणे साहजिक आहे. पण नुसते शब्दावर चिडून भागणार नाही. गणितातली ही 'जात' कशी ठरते ते बघा. ती पदाच्या जन्मावरून ठरत नाही. समोर जे लिहिले आहे ते वाचून ठरते, आणि ती कुणीही तपासू शकतो. शिवाय क्ष ला क्ष ने गुणले की तो क्ष² होतो. पदाला बदलता येते. माणसांच्या जातीत यातले काहीही नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत दाखवले. ही सक्ती माणसांनी माणसांवर लादलेली आहे, निसर्गाने घातलेली नाही. म्हणून गणितातल्या वर्गीकरणाचा दाखला देऊन कुणी जातीचे समर्थन करू पाहील, तर त्याला ना गणित कळले ना समाजशास्त्र.

आता मुद्द्याचे. हे सगळे कशाला? बहुपदीची वजाबाकी येऊन उसाच्या फडात काय उपयोग, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. आमचे उत्तर आहे: तिचा सगळ्यात जास्त उपयोग फडातच आहे.

श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. गाळप हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आणि नगरकडून तोडणीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती तोडणीतून फेडायची. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. या व्यवहाराचा कागद म्हणजे मुकादमाची वही, आणि त्या वहीतला हिशेब म्हणजे बहुपदीची वजाबाकी. फरक इतकाच की तिथे क्ष ला क्ष म्हणत नाहीत.

एक कल्पित हिशेब घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुणा एका मुकादमाकडे वा कारखान्याकडे आमचे बोट नाही. एका जोडीच्या नावावर १८० टन ऊस लागला. दर टनाला क्ष रुपये. चार दिवस त्यांनी दुसरे काम रोजंदारीवर केले, रोज य रुपये. म्हणजे कमाई १८०क्ष + ४य. आता कपात. १२ टन दुसऱ्या जोडीने तोडलेला ऊस चुकून यांच्या नावावर लागला आहे. सहा दिवसांचे खाडे पडले, त्याची कपात त्याच रोजाने ठरली आहे. उचल ५०,०००, आणि त्यातले ८,००० रुपये त्यांनी मधेच परत दिले आहेत. म्हणजे कपातीच्या कंसात आले १२क्ष + ६य + ५०,००० − ८,०००. आता बाकी काढू:

(१८०क्ष + ४य) − (१२क्ष + ६य + ५०,००० − ८,०००)

टनाशी टन: १८०क्ष − १२क्ष = १६८क्ष. रोजाशी रोज: ४य − ६य = −२य. रुपयांशी रुपये: −५०,००० + ८,००० = −४२,०००. बाकी राहिली:

१६८क्ष − २य − ४२,०००

समजा दर ३६० रुपये ठरला आणि रोज ४०० रुपये. मग ६०,४८० वजा ८०० वजा ४२,०००, म्हणजे जोडीच्या हातात १७,६८० रुपये यायला हवेत.

आता नववीतल्या मुलाची तीच चूक वहीत होऊ द्या. परत दिलेल्या ८,००० चे चिन्ह बदलले नाही. मग रुपयांच्या रकान्यात −५०,००० − ८,००० = −५८,००० झाले, आणि हातात आले १,६८० रुपये. एका चिन्हाने १६,००० रुपये गेले! परत दिलेले आठ हजार हिशेबातून नुसते गायब झाले असते, तर नुकसान आठ हजारांचे होते. इथे ते दुप्पट झाले, कारण जे मिळवायचे होते तेच वजा झाले. चिन्हाची चूक नेहमी दुपटीने मारते. वरच्या पहिल्या गणितातही पाहा: ७क्ष च्या जागी −क्ष आले, फरक ८क्ष, म्हणजे ४क्ष ची दुप्पट. −१३ च्या जागी −१ आले, फरक १२, म्हणजे सहाची दुप्पट. परीक्षेत त्या चुकीला दोन गुण जातात. फडात पोराबाळांसह चार महिने राबलेल्या जोडीचा पुढचा हंगाम त्या चुकीने गहाण पडतो.

आणि मुळात अक्षर कशाला, थेट आकडे का नकोत, याचेही उत्तर फडातच आहे. तोडणीचा दर बदलतो, त्यासाठी कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात वाटाघाटी होतात, संप होतात. काम आधी होते आणि दरवाढीचा फरक नंतर येतो, असे घडते. दर माहीत नसताना हिशेब मांडून ठेवायचा, तर दराच्या जागी अक्षरच लागते. १६८क्ष − २य − ४२,००० असे मांडून ठेवणारी मुलगी दर २० रुपयांनी वाढल्याचे कळताच सांगेल, आमचे ३,३६० रुपये वाढले. तिला वहीची वाट पाहावी लागणार नाही. बीजगणित ते हेच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथातून या शास्त्राला इंग्रजीतले नाव मिळवून दिले, त्यात वारसाहक्काच्या वाटण्यांची आणि व्यवहाराची उदाहरणे मोठ्या संख्येने आहेत. हे शास्त्र कामाच्या गरजेतून वाढले आहे. ते कुणा एका जातीचे, धर्माचे किंवा देशाचे वतन नाही.

आमच्या पूर्वजांना हिशेबाची किंमत माहीत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब असावा असे सांगितले. सावकाराचा आणि कुलकर्ण्याचा कागद वाचता न येणारा शेतकरी कसा नाडला जातो, हे त्यांनी जन्मभर मांडले. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच गिल्ला केला आणि डबे बाजूला घेतले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. त्या वर्गात भीमरावांना गणित येते की नाही हा प्रश्नच नव्हता. फळ्यापर्यंत जायचे की नाही, हा प्रश्न होता. पुढे याच विद्यार्थ्याने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करून चलनव्यवस्थेचा हिशेब मांडला.

आज फळ्यामागे डबे नसतात. मग फळ्यापर्यंतची वाट मोकळी झाली का? आमचे उत्तर नाही असे आहे. ज्या घरात महिन्याला शिकवणीची फी परवडते, त्या घरातल्या मुलाची गळालेली पायरी संध्याकाळी भरून निघते. ज्या घरात आई फडात आणि बाप ट्रॅक्टरवर, तिथे ती तशीच राहते. जी मुले आईबापांसोबत टोळीत जातात, त्यांची तर दिवाळीनंतरची शाळाच तुटते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी मुले शाळेशी जोडलेली राहावीत एवढा प्रयत्न होतो, तो मोलाचा आहे. पण हजेरीपटावर नाव राहणे वेगळे आणि कंस सोडवता येणे वेगळे.

अशा वेळी शासनाकडून काय पुढे येते? २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक कल्पना मांडली गेली. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे गणित-विज्ञानाची वाट घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रकावर असावा. या कल्पनेची जी बाजू खरी आहे ती आम्ही नाकारत नाही. गणितात नापास झाले म्हणून शाळा सुटते, आणि शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न लावून दिले जाते, हे आम्ही आमच्या वस्त्यांत पाहतो. एका विषयापायी मुलीचे शिक्षण थांबू नये, ही चिंता आमचीही आहे.

आमचा आक्षेप त्या शेऱ्याला आहे. तो शेरा कुणाच्या गुणपत्रकावर पडेल? ज्यांची पायरी भरून काढायला घरी कुणी नाही त्यांच्याच. सोळाव्या वर्षी एकदा शेरा पडला की डिप्लोमा, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणक ही सगळी दारे बंद. घटनेने दिलेले आरक्षण या दारांपाशी उभे आहे, पण गणित सुटलेला विद्यार्थी त्या दारापर्यंत पोहोचतच नाही. मग जागा रिकाम्या राहतात, आणि "यांना मिळतच नाहीत पात्र मुले" असे म्हणायला प्रस्थापित मोकळे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. शिक्का मारून वर सोडणे ही तीच विषमता गुणपत्रकावर छापणे आहे. मुलांना पुढे जाऊ द्या, पण शेऱ्याशिवाय. आणि गणिताचा पेपर पुन्हा देऊन ती वाट पुन्हा धरण्याचा हक्क कायम ठेवा.

शासनाकडे मागणी करून आपण मोकळे होणार नाही. आपल्या हातात जे आहे ते आपणच करायचे आहे. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

एक, वजाबाकी शिकवताना दुसरी बहुपदी आधी स्वतंत्र ओळीत प्रत्येक पदाचे चिन्ह बदलून लिहून घ्यावी, आणि मग बेरीज करावी. घाई इथेच नडते. या एका ओळीने निम्म्याहून जास्त चुका थांबतात असे आम्ही पाहिले आहे.

दोन, उभी मांडणी करावी. सरूप पदाखाली सरूप पद, आणि जे पद नाही तिथे शून्य लिहावे. क्ष² खाली क्ष येण्याची वाटच बंद होते.

तीन, ताळा शिकवावा. क्ष च्या जागी १ घ्या. पहिल्या गणितात पहिला कंस ५ + ३ − ७ = १, दुसरा २ − ४ + ६ = ४. एकातून चार गेले, −३. बरोबर उत्तरात १ घातला तर ३ + ७ − १३ = −३ येते. चुकलेल्या उत्तरात ३ − १ − १ = १ येते. चूक पकडली गेली. हा ताळा प्रत्येक चूक पकडतोच असे नाही, म्हणून आणखी एका संख्येने करून पाहावा. या ताळ्याला आम्ही फार महत्त्व देतो, कारण तो आला की "सर, बरोबर आहे का?" असे विचारत उभे राहण्याची गरज संपते. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही बुद्धांनी कालामांना दिलेली शिकवण. ती वंदनेपुरती ठेवायची नसते.

चार, उदाहरणे फडातली, दुकानातली, बचत गटाच्या वहीतली घ्यावीत. आईबापांचा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा. मुलीने मांडलेला कागद बापाच्या हातात असला की वहीसमोर तो वेगळ्या आवाजात बोलतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. गावोगावी विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत, पण त्या परीक्षांपर्यंत पोहोचायची जिथे सुरुवात होते त्या सातवी-नववीच्या बीजगणिताला जागा नाही. जून ते दिवाळी, म्हणजे टोळ्या हलण्याआधी, आठवड्यातून दोन संध्याकाळी बहुपदीला द्याव्यात. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा फळा, खडू आणि वह्यांसाठी काढावा. आपल्यातले जे इंजिनिअर झाले, बँकेत लागले, शिक्षक झाले, त्यांनी महिन्यातून एक रविवार गावाकडे यावे. भाषण नको. कंस कसा सोडवायचा तेवढे दाखवावे.

आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर म्हणाले की गणित आपल्या लेकरांच्या डोक्यात शिरत नाही, तर वाद घालत बसू नका. त्यांच्यापुढे कागद ठेवा, वरचे गणित लिहा आणि म्हणा, आधी तुम्ही सोडवून दाखवा. मग ते त्या लेकराकडून सोडवून घ्या.

जय भीम!